ट्यूडर दरबाराची ड्रेपरी: चढवायला उत्तम, उतरवायला अवघड

रत्नागिरीच्या बाजारपेठेत नाटकाची ड्रेपरी भाड्याने देणारं एक जुनं दुकान आहे. दशावतारी कंपन्या, नमन मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं आणि शिवजयंतीच्या मिरवणुका यांचं काम तिथे वर्षभर चालतं. आता त्यांनी ‘इंग्रजी दरबार’ नावाचा संच तयार केला आहे. त्यात राजा, दोन राण्या, कार्डिनल (चर्चचा बडा धर्माधिकारी), चॅन्सेलर (राजमोहर सांभाळणारा मंत्री), चार सरदार, एक धर्मगुरू आणि सहा पहारेकरी आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत किंवा विद्यापीठाच्या युवा महोत्सवात इंग्लंडचा ट्यूडर राजा आठवा हेन्री याच्या दरबारावरचं नाटक उतरवणाऱ्या संघांना हा संच कितपत उपयोगी पडेल, ते इथे तपासलं आहे.

शिवण चोख आहे, कापड दर्जेदार आहे, भाडं रास्त आहे. काळाची गल्लत काही ठिकाणी आहे, पण ती सांगितली की दुकानदार वस्तू बदलून देतात. खरी उणीव दुसरीच आहे. हे सगळे कपडे अंगावर नीट बसावेत एवढाच विचार करून शिवलेत, आणि त्या दरबारातली प्रत्येक मोठी घटना म्हणजे कुणाच्या तरी अंगावरून काहीतरी काढून घेणं. चॅन्सेलर असलेल्या कार्डिनल वुल्झीकडून राजमोहर गेली, त्याच्यानंतरचा चॅन्सेलर टॉमस मोर याने स्वतः ती परत केली, राजाचा मंत्री क्रॉमवेल याच्या गळ्यातलं पदक आणि गुडघ्याखालचा पट्टा हिसकावला गेला, राणी ॲन बोलीनने वधाच्या मचाणावर शिरोभूषण काढलं. ही काढण्याची कृती सफाईने झाली नाही, तर संवाद कितीही चांगले असोत, प्रसंग बसत नाही.

आधी चांगल्या वस्तू. क्रॉमवेलचा काळा झगा या संचातली सर्वांत उत्तम वस्तू. हान्स होल्बाइनने 1532-33 च्या सुमारास रंगवलेल्या चित्रात क्रॉमवेल अगदी साध्या काळ्या पोशाखात, फरच्या कॉलरमध्ये बसलेला आहे, गळ्यात साखळी नाही. दुकानाने नेमकं तेच केलं आहे: चमक नसलेलं लोकरीसारखं कापड, तपकिरी नकली फर, चपटी काळी टोपी. लंडनजवळच्या पुटनीच्या लोहारकाम करणाऱ्या बापाचा मुलगा दरबारात आला, तेव्हा तो सरदारांमध्ये वेगळा का दिसायचा, ते या एका झग्यातून कळतं. फक्त मागे काळा पडदा असेल तर माणूस त्यात विरघळून जातो. प्रकाशयोजनाकाराला सांगून मागून किंवा बाजूने एक पांढरा दिवा द्यावाच लागेल. पडदा गडद तपकिरी मिळाला तर उत्तम.

राजाचा झगा मरून मखमलीचा, सुमारे चार किलोंचा. खांद्यांना फोमच्या जाड गाद्या लावून तो होल्बाइनच्या हेन्रीसारखा चौकोनी केला आहे. गाद्या आत शिवून टाकलेल्या नाहीत, प्रेस बटणांवर आहेत, हे फार शहाणपणाचं. कोकणातल्या दमट हवेत फोम घाम पितो आणि दोन-दोन दिवस वाळत नाही, मग पुढच्या प्रयोगाला वास येतो. गाद्या काढून पंख्याखाली ठेवाव्यात, झगा उलटा करून सावलीत टांगावा. उन्हात टाकला तर मखमलीचा रंग जातो आणि अनामत रकमेतून पैसे कापले जातात. दुकानदार हे भाडेकरूला आधीच सांगतात.

डब्लेटच्या, म्हणजे आखूड घट्ट अंगरख्याच्या, बाह्यांवरच्या चिरा खऱ्या कापलेल्या आहेत आणि आतून पांढरं साटण बाहेर ओढलेलं आहे. बऱ्याच ठिकाणी यासाठी नुसत्या पांढऱ्या पट्ट्या शिवतात, त्या तिसऱ्या रांगेतूनही खोट्या दिसतात. बाह्या वेगळ्या असून खांद्याला नाड्यांनी बांधायच्या आहेत. त्या काळात त्या तशाच बांधत, आणि हौशी संघालाही त्याचा फायदा आहे: एकाच डब्लेटवर दोन बाह्यांचे जोड वापरले की एक नट दोन सरदार सहज उभे करतो.

आता गल्लत. इंग्रजी राजदरबार म्हटलं की दुकानातला मुलगा पांढरे केसांचे टोप काढून देतो. ते अठराव्या शतकातले आहेत, परत करा. गळ्याभोवतीची मोठी चुणीदार झालर एलिझाबेथच्या काळात फुगली. हेन्री 1509 ते 1547 राज्यावर होता, त्याच्या दरबारात सदऱ्याच्या गळ्यापाशी बारीक चुणी दिसेल, थाळीएवढी झालर नाही. धर्मगुरूसाठी दिलेला पोशाख आजच्या पाद्र्याचा आहे, काळा डगला आणि गळ्याशी पांढरी पट्टी. आर्चबिशप क्रॅन्मरसाठी पांढरा सैल झगा आणि त्यावर बाह्या नसलेला काळा डगला हवा. दुकानात न्यायाधीशाचा काळा गाऊन आहे, त्याच्या आत पांढरा झब्बा घातला की काम भागतं. राजाला पौराणिक नाटकातला मुकुट देऊ लागले तर घेऊ नका. दरबारी प्रसंगात हेन्री पिसाची चपटी टोपी घालतो, मुकुट राज्याभिषेकासारख्या विधींसाठी.

छातीवर चिकटवायच्या चिन्हांबाबत मात्र तडजोड नको. दुकानाकडे छापील ढाली आहेत, त्यांवर चार घरांमध्ये सिंह आणि लिलीची फुलं. हे तेव्हाचं इंग्लंडचं राजचिन्ह आहे. ते सगळ्या सरदारांच्या छातीवर लावून दिलं जातं, कारण उठावदार दिसतं. त्याच दरबारात ड्यूक ऑफ नॉरफोक या बड्या सरदाराचा मुलगा, अर्ल ऑफ सरे, याने आपल्या कुलचिन्हात एडवर्ड द कन्फेसर या जुन्या इंग्लिश राजाची चिन्हं घेतली म्हणून त्याच्यावर राजद्रोह लागला आणि 19 जानेवारी 1547 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. म्हणजे जे चिन्ह एका दृश्यात शोभेसाठी लावलं, तेच पुढच्या दृश्यात माणसाचा जीव घेतं. सरदारांच्या छातीवर काहीच लावू नका. पहारेकऱ्यांच्या लाल डगल्यांवर गुलाब आणि मुकुट लावा, तो संच दुकानात आहे आणि छान भरतकाम केलेला आहे.

रंगांचंही तसंच. 1510 आणि 1533 च्या पोशाखाच्या कायद्यांत कोणी काय घालावं ते ठरवून दिलेलं होतं. जांभळं रेशीम ढोबळमानाने राजघराण्यापुरतं, किरमिजी आणि निळी मखमल गार्टर या सर्वोच्च मानाच्या सरदारांपासून वर. दुकानाने दिलेल्या चार सरदारी झग्यांपैकी एक जांभळा आहे. तो राजाला द्या किंवा दुकानातच ठेवा. हिरवा आणि तपकिरी झगा कुणालाही चालतो. निळा झगा नॉरफोकला द्या, तो गार्टरचा सरदार होता आणि नाटकभर त्याच्यावर नजर राहायला हवी.

ती का राहायला हवी, हे पदं काढून घेण्याच्या प्रसंगांतून कळतं. 1529 च्या ऑक्टोबरमध्ये वुल्झीकडून राजमोहर मागायला नॉरफोक आणि सफोक हे दोन ड्यूक गेले. 1536 मध्ये सख्ख्या भाचीच्या, ॲन बोलीनच्या, खटल्यात नॉरफोकच अध्यक्षस्थानी होता. 1540 मध्ये क्रॉमवेलच्या गळ्यातलं पदक त्यानेच ओढून काढलं. 1546 च्या डिसेंबरात त्यालाही टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, टाकलं, आणि 28 जानेवारी 1547 रोजी राजा वारला म्हणून तो वाचला. चार पतनांत तोच माणूस. त्याचा पोशाख शेवटपर्यंत बदलू नका.

वुल्झीचा लाल साटणाचा झगा दिसायला देखणा आहे. लाल कापडावर निळा प्रकाश पडला की ते काळपट दिसतं, म्हणून त्याच्या पडतीच्या दृश्यात रात्रीचा निळा वॉश टाळावा. सर्वांत मोठी अडचण टोपीची आहे. लंडन सोडून जाताना पुटनीजवळ राजाचा माणूस हेन्री नॉरिस त्याला गाठतो आणि राजाची अंगठी देतो, राजाची मर्जी अजून गेलेली नाही असा निरोप सांगतो. वुल्झी खेचरावरून उतरून चिखलात गुडघे टेकतो. हनुवटीखालची गाठ सुटेना, तेव्हा तो नाड्या तोडून टोपी काढतो आणि उघड्या डोक्याने बसतो. त्याच्या सोबत असलेल्या सेवकानेच हे लिहून ठेवलं आहे. दुकानाने दिलेल्या टोपीला इलॅस्टिक आहे, आणि इलॅस्टिक तुटत नाही, नुसतं ताणलं जाऊन फटकन हनुवटीला लागतं. ते काढून टाका. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच लांब, अर्धा इंच रुंद मखमली नाड्या लावा. एक नाडी पक्की शिवा, दुसरी एकाच कच्च्या टाक्यावर, साध्या सुती दोऱ्याने. नायलॉनचा दोरा वापरला तर तो तुटणार नाही. प्रत्येक तालमीला टाका नव्याने घालावा लागतो, त्यामुळे सुई-दोरा विंगेतच ठेवा आणि ते काम एकाच व्यक्तीकडे द्या. नटाने नाडी सरळ खाली न ओढता बाहेरच्या बाजूला झटका द्यायचा, नाहीतर टोपीच फाटते. ती फाटली तर भरपाई तुमची.

नॉरिसची भूमिका करणाऱ्या नटाला चांगला डब्लेट द्या, त्याला किरकोळ समजू नका. राजाचा विश्वासू म्हणून अंगठी घेऊन आलेला हा माणूस 17 मे 1536 रोजी ॲनच्या प्रकरणात मारला गेला.

राजमोहर हा प्रॉप दुकानात नाहीच. तो स्वतः करावा लागेल आणि तो चांगला झालाच पाहिजे. किरमिजी मखमलीची आठ इंच बाय आठ इंचांची पिशवी शिवा, तोंडाला सोनेरी दोरी ओवा, आतून पांढरं रेक्झिन लावा. पिशवीत तळहाताएवढी, निदान अर्धा किलो वजनाची गोल वस्तू ठेवा. तराजूचं वजन किंवा गुळगुळीत चपटा दगड चालेल. रिकामी पिशवी टेबलावर ठेवली की आवाज येत नाही आणि राज्याचा सर्वोच्च अधिकार गेल्यासारखं वाटत नाही. पहिल्या भेटीत वुल्झी मोहर देत नाही, लेखी हुकूम मागतो. दोघे सरदार दुसऱ्या दिवशी हुकूम घेऊन परत येतात. म्हणजे पिशवी प्रेक्षकांसमोर दोनदा यायला हवी. हीच पिशवी 16 मे 1532 च्या प्रसंगात मोर राजाला परत करतो. त्यामुळे ती एकच करा, दोन नकोत.

मोरच्या गळ्यात ‘एस’ अक्षरांची साखळी असते. दुकानातली साखळी लग्नाच्या वरातीतल्या घोडेस्वाराला देतात तशी सोनेरी माळ आहे, ती घेऊ नका. तीन मिलिमीटरच्या फोमशीटमधून दीड इंची ‘एस’ कापून, सोनेरी स्प्रे मारून, मागून काळ्या रिबिनीला चिकटवले की उत्तम साखळी होते. पुढे मध्यभागी एक गुलाब. चॅन्सेलरपद सोडलं तेव्हा मोर तुरुंगात गेला नव्हता. तो टॉवरमध्ये गेला 1534 मध्ये, वारसाहक्काची शपथ नाकारल्यावर, आणि 6 जुलै 1535 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मध्ये दोन वर्षं जातात. दुकानाकडे एक विटका राखाडी झगा आहे, शिंप्याच्या दृष्टीने टाकाऊ. टॉवरच्या दृश्याला तोच मागून घ्या.

क्रॉमवेलची अटक हा सगळ्यांत कठीण प्रसंग. 18 एप्रिल 1540 रोजी तो अर्ल ऑफ एसेक्स झाला आणि 10 जूनला वेस्टमिन्स्टरला मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याला पकडलं. त्याने संतापून टोपी जमिनीवर आपटली. नॉरफोकने गळ्यातलं सेंट जॉर्जचं पदक ओढलं, अर्ल ऑफ साउदॅम्प्टनने गुडघ्याखालचा गार्टर, म्हणजे त्या मानाचा पट्टा, काढला. फ्रान्सचा राजदूत मारियाक कळवतो की साउदॅम्प्टन आदल्या दिवसांपर्यंत त्याचा मित्र समजला जात होता. म्हणून गार्टर काढणारा नट खलनायकी ढंगाने पुढे येता कामा नये, तो आधी आपल्याच बाजूचा वाटला पाहिजे.

दुकानाने पदक धातूच्या साखळीत दिलं आहे. ती साखळी ओढली तर नटाची मान कापते, हे धोकादायक आहे. साखळी काढून निळी साटणाची रिबीन लावा आणि मानेच्या मागे दोन टोकं एका लहान प्रेस बटणाने जोडा. वेलक्रो नको, त्याचा चर्रकन आवाज सभागृहभर ऐकू जातो. गार्टर म्हणजे निळ्या साटणाचा इंचभर रुंद पट्टा, डाव्या गुडघ्याखाली. बक्कल शोभेपुरतं पुढे, जोड मागे, तोही प्रेस बटणाचा. पट्टा काढायला साउदॅम्प्टनला गुडघा टेकावा लागतो, म्हणजे क्षणभर तो क्रॉमवेलसमोर वाकतो. दिग्दर्शकाने ही जागा घालवू नये. क्रम असा ठेवा: टोपी, मग पदक, मग गार्टर. टोपी आधी आपटली नाही तर रिबीन टोपीच्या काठात अडकते. क्रॉमवेलच्या पायांत पायघोळ झगा असल्याने गार्टर दिसतच नाही, म्हणून त्या दृश्यापुरता झगा पुढून उघडा ठेवा आणि खाली पांढरे मोजे द्या.

वुल्झी पडला तेव्हा हाच क्रॉमवेल त्याच्यासोबत ईशर या गावी राहिला होता. कार्डिनलच्या नोकरांना पगार द्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्याने स्वतः पाच पौंड टाकून इतरांनाही द्यायला लावले. क्रॉमवेल पडला तेव्हा क्रॅन्मरने राजाला त्याच्या बाजूने पत्र लिहिलं, पण खटला न चालवता शिक्षा देणारा कायदा थांबला नाही. 28 जुलै 1540 रोजी त्याला मारलं, त्याच दिवशी राजाने कॅथरीन हॉवर्डशी लग्न केलं. दिग्दर्शकाला हे एकाच प्रकाशात दोन जागी दाखवायचं असेल तर कॅथरीनचा पिवळा झगा घ्या. दुकानात दोन स्त्री-झगे आहेत, दोन्ही पाठीला नाड्यांचे, त्यामुळे 32 ते 38 मापाच्या मुलींना बसतात. लांबी 54 इंच आहे, बुटक्या मुलीला पुढून दुमड घालावी लागेल, नाहीतर पायऱ्यांवर पाय अडकतो.

ॲनसाठी दुकान फ्रेंच हूड देतं, गोल, मागे सरकवलेलं. दरबारातल्या दृश्यांना तेच योग्य. मचाणावर मात्र तिने इंग्लिश गेबल हूड घातलं होतं, कौलारू घराच्या दर्शनी त्रिकोणासारखं टोकदार. राखाडी दमास्कचा (नक्षीदार रेशमाचा) झगा, आत लाल घागरा, वर एर्मिनची (पांढऱ्या फरची) शाल. दुकानाकडे गेबल हूड एकच आहे आणि बकरमचं असल्याने ताठ राहतं. फक्त ते केसांना पिनांनी खोचायचं असतं, त्यामुळे नटीला एका हाताने काढता येत नाही. आधी पांढरी सुती टोपी घट्ट बांधा आणि हूड तिच्यावर दोन लहान हुकांनी अडकवा. हूड उतरल्यावर केस टोपीत राहतात, प्रसंगाला तेच हवं. हुक स्टीलचे घ्या, साधे लोखंडी हुक खाऱ्या हवेत आठवड्यात गंजून पांढऱ्या कापडावर डाग पाडतात. आणि ॲनला तलवारीने मारलं, त्यासाठी समुद्रापलीकडच्या कॅले शहरातून माणूस बोलावला होता. दुकानातून मृत्युदंडाच्या दृश्यासाठी दशावतारातला परशू पुढे केला जातो. त्या जागी सरळ पात्याची तलवार मागा, ती शोधून देतात. मोर आणि क्रॉमवेलसाठी मात्र कुऱ्हाडच, साध्या लाकडी दांड्याची.

भाडं प्रयोगामागे राजाला 700 रुपये, सरदार आणि कार्डिनल 400, राण्या 500, पहारेकरी 150. अनामत पूर्ण संचाला 5,000. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत परत. चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीच्या संघांना एक दिवस जास्त देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. रंगीत तालमीचं भाडं निम्मं, आणि या संचाला रंगीत तालीम अंगावर कपडे घालूनच करायला हवी, कारण वर सांगितलेले कच्चे टाके आणि प्रेस बटणं पहिल्या वेळी हमखास फसतात. पुरुषांच्या डब्लेटची मापं 38 ते 42 आहेत. छाती 44 असेल तर काखेत वेज शिवून घ्यावा लागतो, दुकानातला शिंपी तो शंभर रुपयांत करून देतो.

बुकिंग दिवाळीच्या आधी करा. कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम आणि राज्य नाट्य स्पर्धा एकाच वेळी येतात, आणि तेव्हा दुकानातला प्रत्येक पेटारा बाहेर असतो. त्या धांदलीत संच न तपासता भरला जातो, एखादी बाही दुसऱ्याच पेटाऱ्यात जाते. नेताना स्वतःची यादी करून प्रत्येक नग मोजून घ्या, नाड्या आणि टोप्यांसह. दागिन्यांना हिरवट थर चढलेला असेल तर तिथेच दाखवा, नंतर तो तुमच्यामुळे आला असं धरलं जाईल. यादीवर दुकानाची सही घ्या आणि एसटीने पार्सल पाठवत असाल तर मखमलीचे झगे घडी न घालता जुन्या सुती धोतरात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजून वास धरतात.

दरबारातल्या अधिकाऱ्यांच्या हातातल्या अधिकाराच्या काठ्या दुकानात नाहीत. होल्बाइनच्या चित्रात नॉरफोकच्या हातात दोन काठ्या आहेत, अर्ल मार्शलची सोनेरी आणि खजिनदाराची पांढरी. सोनेरीला अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप पुरतो. पांढरी लाकडाची हवी, कारण फेब्रुवारी 1547 मध्ये विंडसरला हेन्रीच्या दफनावेळी त्याच्या कारभाऱ्यांनी आपल्या काठ्या मोडून कबरीत टाकल्या. नाटक तिथपर्यंत जात असेल तर चार फुटी काठी मध्यभागी करवतीने दोन तृतीयांश कापून घ्या, कापलेल्या जागी कागदी टेप एकच वेढा लावून वर पांढरा रंग द्या. मोडताना काप नटाकडे असावा. प्रत्येक प्रयोगाला नवी काठी लागेल, सुताराकडून दहा एकदम कापून घेतलेल्या बऱ्या.